गोकलपूरच्या तळ्याकाठची मोजणी

दिनांक ७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास अवघे ३९ दिवस उरले असता, मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने जबलपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. प्रांताची राजधानी त्या वेळी नागपूर होती, पंडित रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान होते आणि हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या मुलखाचा कारभार एकाच दप्तरातून चालत होता. असे असूनही हे विद्यालय राजधानीत न निघता नर्मदेच्या खोऱ्यात निघाले, याचे कारण शोधू जाता मला तरी एकच सबळ वाटते. १९०४ पासून येथे तोफगाड्यांचा कारखाना धडधडत होता, महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता, आणि मुंबईहून निघालेला व कलकत्त्याहून निघालेला असे दोन्ही लोहमार्ग १८७० साली ज्या गावी एकमेकांस मिळाले ते गाव हेच होते; यंत्र, रूळ आणि माप या तिहींची सवय असलेल्या अशा नगरीत अभियंते घडवावेत हा विचार स्वाभाविक होता. शहराच्या पूर्वेस रांझीकडे जाताना गोकलपूरचे जे तळे लागते, त्याच्या परिसरात पूर्वी रॉबर्टसन कॉलेज नांदत होते. त्या आवारात नव्या विद्यालयाचा संसार थाटला गेला आणि तो आजतागायत, जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालय या बदललेल्या नावाने, तेथेच आहे.

या महाविद्यालयाचा इतिहास सांगू लागले की पहिला मान प्रा. एस. पी. चक्रवर्ती यांचा आणि त्यांनी येथे आरंभिलेल्या दूरसंचार अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा असतो, आणि तो मान निर्विवाद आहे, कारण त्या विद्येची पदवी देणाऱ्या देशातील आद्य संस्थांत रांझीची गणना होते. परंतु या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची आज्ञा झाली तेव्हा मी मुद्दाम दुसरा विषय मागून घेतला. स्थापत्य शाखेतील भूमापन, ज्याला आमच्या पिढीत सर्रास ‘सर्व्हे’ म्हणत, ते येथे कसे शिकवले गेले, त्यात छायाचित्रमितीचा म्हणजेच फोटोग्रामेट्रीचा प्रवेश कसा झाला, आणि ‘हा मनुष्य जमीन मोजण्यास लायक आहे’ असा दाखला कोणी, कोणत्या कसोटीवर द्यावा या प्रश्नाचे आपल्याकडे काय झाले, ही हकीकत कोणी तरी एकदा लिहून ठेवणे अगत्याचे आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

मराठीत ती लिहिण्याचे प्रयोजनही सांगितले पाहिजे. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि त्या काळापासूनची मराठी घराणी या शहरात मुरलेली आहेत. पण महाविद्यालयात जी मराठी ऐकू येई ती बहुतांशी वऱ्हाडची व नागपूरची असे. विदर्भातला विद्यार्थी गोंदियापर्यंत मोठ्या गाडीने येई आणि तेथून बालाघाट, नैनपूर या मार्गाने सातपुड्याच्या रानातून वळणे घेत येणाऱ्या अरुंद मापाच्या गाडीने, कोळशाची कणी डोळ्यांत घेऊन, जबलपुरास उतरे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि एका प्रांताचे विद्यार्थी एका रात्रीत परराज्याचे झाले. पुढे १९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले तेव्हा हा ओघ आटत गेला. परंतु त्या आरंभीच्या वर्षांत ज्यांनी गोकलपुरात खांद्यावर साखळी घेतली, त्यांतले अनेकजण पुढे महाराष्ट्राच्या पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांत गेले, आणि येथली मोजणीची शिस्त त्यांच्याबरोबर गेली.

ती शिस्त कोणती, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या मुलखाला मोजणी नवी नाही. शिवछत्रपतींच्या अमदानीत अण्णाजी दत्तोंनी जी जमीनमोजणी करविली तिचे माप काठीचे होते. काठी पाच हात पाच मुठींची, अशा २० काठ्या लांब व २० काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. त्यानंतर इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या पाहणीने ३३ फुटांची साखळी आणली आणि तिचा चौरस तो गुंठा झाला. ४० गुंठ्यांचा एकर आपण अजूनही तोंडाने बोलतो. त्या पाहणीची टिपणे, गुणाकार बुके आणि गावनकाशे महाराष्ट्रात भूमी अभिलेखाच्या कचेऱ्यांत अद्याप वादाच्या प्रसंगी उघडली जातात. मध्यप्रांतात मालगुजारीची पद्धत असल्यामुळे दप्तर निराळे, तेथे पटवारी, खसरा आणि मिसल बंदोबस्त ही नावे चालली. परंतु काठी धरणारा असो वा साखळी ओढणारा, तो काम शिकला ते बहुधा बापाच्या किंवा वरच्या कारकुनाच्या हाताखाली, उमेदवारी करून. त्याच्या लायकीची परीक्षा म्हणजे त्याची नेमणूक, आणि तक्रार आली नाही म्हणजे ती परीक्षा उत्तीर्ण झाली असे समजावयाचे.

दुसरा प्रवाह शास्त्रीय होता आणि त्याचा मार्ग योगायोगाने आपल्याच अंगणातून गेला आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ च्या एप्रिलात मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय महासर्वेक्षणास आरंभ केला आणि वीस वर्षे त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याने देह ठेवला. तंजावरच्या देवालयावर चढविताना दोर सुटून त्याचा अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा मोठा थिओडोलाइट आपटला व त्याचे वर्तुळ बिघडले तेव्हा तो तंबूत शिरून बसला आणि कित्येक आठवडे खपून त्याने ते स्वहस्ते पूर्वस्थितीस आणले, ही गोष्ट भूमापनाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने मध्यप्रदेशातील सिरोंज येथे पायारेषा मोजली, पण पुढे अधिक चांगली मापनदंडांची सामग्री हाती येताच आपलेच पूर्वीचे काम अपुरे मानून १८३७ च्या सुमारास तीच रेषा त्याने पुन्हा मोजली. सिरोंजजवळचे कल्याणपूर हे ठाणे पुढे सबंध हिंदुस्थानच्या नकाशाचे आरंभस्थान ठरले. रांझीहून ते काही फार दूर नाही. आपण ज्या राज्यात शिकलो त्याच राज्यात देशाच्या मापनाचा मूळ खिळा आहे हे आमच्या विद्यार्थ्यांना प्रथमवर्षातच सांगितले पाहिजे असे माझे मत आहे; ते सांगितले जातेच असे नाही.

शाळा म्हणून पाहिले तर मद्रासची १७९४ ची सर्वेक्षण शाळा आपल्याकडे सर्वांत जुनी, तिच्यातूनच पुढे गिंडीचे महाविद्यालय झाले. रुडकीचे विद्यालय १८४७ चे, आणि पुण्याचा इंजिनिअरिंग क्लास १८५४ चा. या तिन्ही ठिकाणी भूमापन हा शिक्षणाचा पाया मानला जाई, कारण सरकारला रस्ते, कालवे आणि लोहमार्ग हवे होते व त्यांपैकी एकही मोजणीवाचून होत नाही. रांझीला हा वारसा आयता मिळाला. पुस्तके सुद्धा ओळखीची होती: पुण्याच्या कानेटकर आणि कुलकर्णी या प्राध्यापकद्वयाने लिहिलेला व पुणे विद्यार्थी गृहाने प्रसिद्ध केलेला भूमापनावरील इंग्रजी ग्रंथ देशभर गेला, आणि मराठी माणसांनी लिहिलेले, पुण्यात छापलेले ते जाड पुस्तक नर्मदेकाठच्या वसतिगृहात रात्री कंदिलाशी उघडून बसणे यात परमुलखात आलेल्या विद्यार्थ्याला जो धीर वाटे तो मी स्वतः अनुभवलेला आहे.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे येतो. आमच्या हाती प्रथम आली ती साखळी. दशमान पद्धतीनंतर २० व ३० मीटरांची साखळी रूढ झाली. तिच्या कड्या २० सेंटीमीटरांच्या, दर पाच मीटरांवर पितळी खूण. भारतीय मानकाप्रमाणे ८० न्यूटन ताण दिला असता २० मीटरांच्या साखळीत ५ मिलिमीटरांपेक्षा आणि ३० मीटरांच्या साखळीत ८ मिलिमीटरांपेक्षा अधिक फरक पडता कामा नये. हे आकडे पाठ करणे सोपे. पण साखळी वापरून वापरून ताणते, कडीची तोंडे उघडतात, चिखल बसतो, आणि सकाळी खरी असलेली साखळी दुपारी खोटी होते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी व काम संपल्यावर ती प्रमाणमापाशी ताडून पाहणे हा नियम. ३० मीटरांची साखळी १५ सेंटीमीटरांनी लांबली तर लांबीत शेकडा अर्धा, आणि क्षेत्रफळात शेकडा एक एवढी तूट येते. शंभर एकरांच्या शेतात एक सबंध एकर, म्हणजे ४० गुंठे, कागदावरून नाहीसा होतो, आणि तो कोणी चोरलेला नसतो. हे गणित फळ्यावर मांडले गेले तेव्हा वर्गात मालगुजारांची मुले होती, कुळांची मुले होती. ती सारीच गप्प झाली होती एवढे मला आठवते.

दुसरी वस्तू मोजणीवही. तिचा नियम एकच, पण सबंध विद्येचा कणा त्यात आहे: लिहिलेला आकडा खोडरबराने पुसावयाचा नाही. चुकला तर त्यावर एक रेघ मारावी, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवावा, वर नवा लिहावा आणि बाजूस आद्याक्षरी सही करावी. पेन्सिल कठीण हवी, नोंद जागेवरच व्हावी, घरी जाऊन सुवाच्य प्रत काढून मूळ टाकून देणे हा अपराध. शाळेत दहा वर्षे ज्याला स्वच्छ पान म्हणजे उत्तम पान असे शिकविलेले असते, त्या मुलाला ही गोष्ट प्रथम रुचत नाही. पण ज्या वहीत एकही रेघ मारलेली नाही ती वही जाणता शिक्षक संशयाने हाती घेतो, कारण उन्हात, वाऱ्यात, दोन भाषांत ओरडून सांगितलेले शे-दोनशे आकडे एकदाही न चुकता लिहिले गेले हे संभवत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मिटणे. ज्या बिंदूपासून निघालो त्या बिंदूवर फिरून यावे आणि किती फरक पडला तो पहावा. बंद बहुभुजाच्या अंतर्कोनांची बेरीज किती व्हावी हे भूमितीने आधीच सांगून ठेवलेले असते; उंचीच्या मोजणीत आरंभस्तंभाचा तोच आकडा पुन्हा यावयास हवा. तो तंतोतंत कधीच येत नाही. साधारण कामात, फेरीची लांबी किलोमीटरांत घेऊन तिच्या वर्गमुळाची २४ पट, इतके मिलिमीटर फरक क्षम्य. काटेकोर कामात १२ पट. अत्यंत सूक्ष्म कामात ४ पट. गोकलपुरातून निघून चार किलोमीटरांचा फेरा करून परत आलेल्या तुकडीला म्हणून साधारण कामात ४८ मिलिमीटर माफ असतात. ४९ आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालावयाचे. हा एक मिलिमीटर ज्यांना प्रथम क्षुल्लक वाटतो त्यांना कालव्याचा हिशेब दाखवावा लागतो: पाच हजारांत एक असा उतार धरला तर चार किलोमीटरांत कालव्याचा तळ अवघा ८० सेंटीमीटर उतरतो, आणि एवढ्या थोडक्या उताराच्या आशेवर शेवटच्या शेतकऱ्याचे पाणी अवलंबून असते. जबलपूरपासून जवळच नर्मदेवर पुढे बरगीचे धरण झाले, त्याचे कालवे निघाले. त्या कामांवर ज्यांनी उंच्या घेतल्या त्यांना हे कोणी नव्याने सांगावे लागले नसेल.

मिटण्यातला फरक जेव्हा क्षम्य मर्यादेत असतो तेव्हा तो सर्व ठाण्यांवर रीतीप्रमाणे वाटून देतात; मर्यादेबाहेर असला तर वाटण्याचा अधिकारच नाही. या दोहोंतला भेद ज्याला कळला आणि जो एकटा असतानाही पाळतो, तो माझ्या मते भूमापक. बाकीचे सारे कौशल्य, कोणते यंत्र कसे समतल करावे, कोणता स्क्रू किती फिरवावा, हे सहा महिन्यांत कोणालाही येते. मोजणीतील व्यावसायिक लायकीचे मानदंड म्हणून पुढे जे जे काही मोठमोठ्या सभांतून ठरले ते मी आस्थेने वाचले आहे, आणि त्यातला ग्राह्य भाग शेवटी या भेदापाशीच येऊन थांबतो असे मला दिसले.

छायाचित्रमितीने या शिस्तीची मोठी परीक्षा पाहिली. विमानातून घेतलेल्या चित्रावरून नकाशा करण्याची विद्या युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवरच्या छायाचित्रांपासून सुरू झाली. १९१० साली व्हिएन्नात एडुआर्ड डोलेझाल यांच्या पुढाकाराने तिची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. आपल्या शेजारी ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाकडील जंगलांची हवाई पाहणी १९२४ साली झाली होती. चित्र दिसते नकाशासारखे, आणि तोच धोका आहे. १५२ मिलिमीटर केंद्रांतराच्या कॅमेऱ्याने १५२० मीटर उंचीवरून चित्र घेतले तर जमीन दहा हजारांत एक या प्रमाणात उतरते खरी. पण त्या चित्रात मध्यापासून ८० मिलिमीटरांवर ३० मीटर उंचीचा मनोरा असेल तर त्याचा माथा पायथ्यापासून दीड मिलिमीटरहून अधिक बाहेर झुकलेला दिसतो, आणि त्यावर विसंबून मोजले तर तो माथा जमिनीवर सुमारे १६ मीटर भलत्याच ठिकाणी पडतो. मदनमहालाच्या टेकडीसारखा खडकाळ, उंचसखल मुलूख असला की प्रत्येक धोंडा असा आपापल्या परीने बाहेर झुकतो. हे झुकणे दोष नव्हे. त्याचाच उपयोग करून, शेकडा ६० भाग एकमेकांवर येईल अशी दोन चित्रे दोन डोळ्यांनी पाहून, उंची काढता येते. दोष आहे तो हे झुकणे ठाऊक नसताना चित्रावर पट्टी ठेवण्यात.

या विद्येच्या शिक्षणाची सोय आपल्या देशात प्रथम महाविद्यालयांत झाली नाही. १९६६ साली डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छत्राखाली, नेदरलँडमधील शेर्मरहॉर्न यांनी स्थापिलेल्या आयटीसी या संस्थेच्या सहकार्याने, भारतीय छायाचित्र-निर्वचन संस्था निघाली; तिचेच रूपांतर पुढे आजच्या सुदूर संवेदन संस्थेत झाले. हैदराबादेस उप्पल येथे सर्व्हे ऑफ इंडियाने आपले प्रशिक्षण केंद्र त्याच दशकात उभारले. दोन्ही ठिकाणी शिक्षण उत्तम, पण ते मुख्यतः खात्यात आधीच नोकरीस असलेल्यांसाठी. महाविद्यालयांतील स्थापत्याच्या अभ्यासक्रमात छायाचित्रमितीला प्रगत भूमापनाच्या पुस्तकातले शेवटचे एखादे प्रकरण मिळाले, आणि शेवटच्या प्रकरणांचे सत्राच्या अखेरीस जे होते तेच त्याचे झाले. याला आणखी एक कारण होते. हवाई छायाचित्रे संरक्षणाच्या दृष्टीने गोपनीय. ती वायुसेना, डमडमची एअर सर्व्हे कंपनी किंवा पुढे हैदराबादची राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था यांनीच घ्यावयाची, आणि परवानगीवाचून कोणी बाळगावयाची नाहीत. ज्या विद्यार्थ्याने उद्या सबंध जिल्ह्याचा नकाशा करावयाचा, त्याने आरशांच्या त्रिमितिदर्शकाखाली एखादी जुनी जोडी पहावी, टेकडी अकस्मात कागदातून वर उठल्याचे पाहून चकित व्हावे आणि पुढल्याच्या हाती ते यंत्र द्यावे, इतकाच त्याचा अनुभव. जबलपूरसारख्या शहरी, जेथे सर्व्हे ऑफ इंडियाचे कार्यालय आहे आणि विजयनगरात त्यांची सबंध सर्व्हे कॉलनी वसलेली आहे, तेथेही खात्याची विद्या आणि महाविद्यालयाची विद्या यांच्यामध्ये ही भिंत राहावी, याचे मला आजही वाईट वाटते. संरक्षणाची काळजी खोटी नव्हती. परंतु तिच्यापायी दोन-तीन पिढ्यांचे अभियंते या विद्येत अर्धेमुर्धेच तयार झाले, हेही खरे.

लायकीच्या मानदंडांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. भूमापकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १८७८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाला; त्याच्या मंडळांपैकी एक व्यवसायाच्या मानदंडांचे आणि एक शिक्षणाचे. भूमापक म्हणजे कोण, त्याची कर्तव्ये कोणती, एका देशात शिकलेल्याला दुसऱ्या देशाने कसे मान्य करावे, नोकरीस लागल्यावरही त्याने शिकत कसे राहावे, यावर त्या मंडळांनी तपशीलवार विचार केला आहे. समुद्राची मोजणी करणाऱ्यांच्या बाबतीत तर हा महासंघ, आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना आणि नकाशाशास्त्राची संघटना यांनी मिळून लायकीची लेखी इयत्ता बांधून दिली आहे, आणि गोव्यातील आपल्या नौदलाच्या राष्ट्रीय जलालेखन संस्थेच्या अभ्यासक्रमास तीतील वरची श्रेणी मिळालेली आहे. बंदराच्या वाटेवर खडक कोठे आहे हे सांगणाऱ्याकडे जगाने प्रमाणपत्र मागावे हे योग्यच. पण जमिनीवर दोन भावांच्या वाटणीचा दगड कोठे बसावा हे सांगणाऱ्याकडे तेवढ्याच कडकपणे कोणी ते मागत नाही. आपल्याकडे वास्तुशिल्पज्ञांसाठी १९७२ चा कायदा आहे आणि नोंदणीवाचून त्यांना ते नाव लावता येत नाही. भूमापकासाठी असा अखिल भारतीय कायदा नाही. म्हणून प्रत्यक्षात त्याची लायकी ठरते ती पदवीवरून, आणि पदवीचा कस ठरतो तो महाविद्यालयाच्या मान्यतेवरून.

त्या मान्यतेचीही यंत्रणा क्रमाने वाढली: तांत्रिक शिक्षणाची अखिल भारतीय परिषद १९४५ साली सल्ल्यापुरती निघाली व १९८७ साली तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, १९९४ साली मूल्यांकनाचे मंडळ आले, आणि जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाल्यापासून विद्यार्थ्याला काय शिकविले यापेक्षा त्याला काय करता येते हे दाखविण्याची जबाबदारी विद्यालयावर आली. विचार उत्तम आहे. त्यापायी प्राध्यापकांवर तक्त्यांचा जो बोजा पडला तो सर्वांना ठाऊक आहे. पण ‘विद्यार्थ्याला काय करता येते’ हा प्रश्न भूमापनाच्या शिक्षकाने फार पूर्वीपासून, फेरा मिटल्यावर, रोज विचारलेला आहे. इतर विषयांना जी कसोटी नव्याने शोधावी लागली ती या विषयाच्या वहीत पहिल्या दिवसापासून आहे, हे मूल्यांकनास येणाऱ्या समित्यांनी पाहावे. भूमापनाचे तास कमी करून त्या जागी दुसरे काही घालण्याची जी प्रवृत्ती अलीकडे ठिकठिकाणी दिसते आणि सर्वेक्षणाचे शिबिर दहा दिवसांवरून तीन-चार दिवसांवर येते, ती मला घातक वाटते. यंत्र आता आपोआप कोन वाचते, अंतर प्रकाशाने मोजते, आकडा स्वतःच्या पोटात ठेवते. खोडरबराचा प्रश्नच उरला नाही असे कोणी म्हणेल. पण आकडा यंत्राच्या पोटात असला म्हणजे तो चुकीचा असला तरी सुबक दिसतो. उपग्रहावरून मिळणारी उंची ही गणिती गोलाभापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे, आणि भारतात हा फरक काही ठिकाणी साठ-सत्तर मीटरांहूनही मोठा भरतो. तो न जाणणारा पडद्यावरची दशांशस्थळे पाहून निश्चिंत होतो.

शासनाचे धोरण मधल्या काळात बदलले. २००५ च्या नकाशा धोरणाने थोडी वाट मोकळी केली, १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती पुष्कळच रुंद केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्यापूर्वीच, २४ एप्रिल २०२० रोजी, स्वामित्व योजनेची घोषणा झाली होती. गावठाणातील, मध्यप्रदेशात ज्याला आबादी म्हणतात त्या वस्तीतील, घरांची मोजणी ड्रोनने करून धन्याला मालमत्तेचा दाखला द्यावयाचा ही ती योजना. पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश दोन्ही होते. जुन्या बंदोबस्ताने शेते मोजली पण गावठाणाच्या आत साखळी नेली नाही, त्या सबंध हद्दीला एकच आकडा देऊन ती सोडून दिली. शे-दीडशे वर्षांची ही उणीव भरून काढण्याचे काम छायाचित्रमितीच्या वाट्याला आले. विमानातून एखाद्या तालुक्याची दोन-चारशे चित्रे घेणे ही जेथे पूर्वी राष्ट्रीय घटना होती, तेथे आता एका सकाळी एका गावाची शेकडो चित्रे घेतली जातात. ज्या विद्येला शेवटचे प्रकरण मिळाले होते तिला तरुण हातांची मागणी अशी एकाएकी आली.

मागील हिवाळ्यात महाविद्यालयात गेलो होतो. तळ्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत स्थापत्याचे पाच-सहा विद्यार्थी, त्यांत दोन मुली, जमिनीवर चुन्याने फुल्या काढीत होते. ड्रोनच्या चित्रांना जमिनीशी बांधण्यासाठी लागणारे ते नियंत्रणबिंदू. सर्व फुल्यांची स्थाने उपग्रहयंत्राने घेऊन झाली, आणि मग त्यांतल्या एका मुलीने चार फुल्या वेगळ्या काढून त्यांचे आकडे संगणकाला द्यावयाचे नाहीत असे बाकीच्यांना बजावले. नकाशा तयार झाल्यावर या चार बिंदूंची स्थाने नकाशावरून वाचावयाची आणि आपण जमिनीवर घेतलेल्या स्थानांशी ताडावयाची, म्हणजे नकाशा किती खरा ते कळेल, असे तिने मला समजावून सांगितले. मी कोण हे तिला ठाऊक नव्हते, आणि मी ते सांगितलेही नाही. तिच्या हातातल्या वहीत मी डोकावलो. तिसऱ्या बिंदूच्या उंचीचा एक आकडा चुकला होता. त्यावर एक सरळ रेघ होती, वर दुसरा आकडा होता, आणि बाजूला दोन अक्षरे.